वेगाचा फोटो

"भाऊजींना नाही जमायचं ते," असं मेहुणा म्हणाला आणि तिथेच घोळ झाला, कारण हे त्याने स्टुडिओवाल्याच्या बायकोसमोर म्हटलं. नवऱ्याला नावं ठेवण्याचा हक्क तिने स्वतःकडेच राखून ठेवला होता; सख्ख्या भावालाही त्यात वाटा नव्हता. हेच काढतील फोटो, असं तिने परस्पर सांगून टाकलं. ज्याने काढायचा तो त्या वेळी आत एका गृहस्थांची मान पासपोर्टसाठी सरळ करत होता.

मेहुणा मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. त्याचे टायर घासून घासून गुळगुळीत झाले होते. बाजारातले टायरवाले हंगामभर नवे टायर द्यायला तयार होते, पण त्यांना दुकानात लावायला वेगाचा फोटो हवा होता, आणि तोही सोमवारपर्यंत. नाहीतर दुसरा एक स्वार त्यांच्याकडे रोज खेटे घालतच होता.

स्टुडिओवाल्याने सत्तावीस वर्षं फक्त बसलेली माणसं टिपली होती. बटण दाबताना त्याच्या तोंडून "हं, हलू नका" आपोआप निघे. एकदा गाढ झोपलेल्या तान्ह्या बाळालाही त्याने तसं बजावलं होतं. आता लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राने त्याला पॅनिंग समजावून सांगितलं. साधा कॅमेरा चालतो, भारी लेन्स नको. शटर जरा सावकाश ठेवायचं, पाय रोवायचे आणि कमरेतून वळत गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवायचा. बटण दाबल्यावरही फिरवतच राहायचं. म्हणजे गाडी स्पष्ट येते आणि मागचं सगळं पळतं.

सराव दुकानाच्या पायरीवर सुरू झाला. समोरून पोस्टमन सायकलवर आला. स्टुडिओवाल्याने कॅमेरा फिरवला, बटण दाबलं, आणि तोंडून निघून गेलं, "हं, हलू नका." पोस्टमन जुना गिऱ्हाईक. त्याने सायकल थांबवली, टोपी काढली आणि हनुवटी वर करून उभा राहिला.

पोस्टमनचं एक वेळ सोडा, खरी पंचाईत वेगळीच होती. "हलू नका" म्हटलं की स्टुडिओवाला स्वतःच हलायचा थांबे. गाडी पुढे निघून जाई आणि फोटोत मागचं चाक तेवढं उरे. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. तिने त्याला तोंडात लिमलेटची गोळी धरायला लावली. तो गोळीसकट "हं, हवू नका" म्हणाला आणि थांबला. जित्याची खोड.

रविवारी शर्यतीत त्याने दोनशे चाळीस फोटो काढले. मागची चाकं आली, धूर आला, एका फोटोत नुसता बूट आला. पलीकडचं कुंपण मात्र इतकं सुरेख आलं होतं की त्याचा पासपोर्ट निघाला असता. शर्यत संपली. मेहुण्याचे टायर तर गेलेच होते, पण आपल्या जिवावर शब्द देऊन बसलेली बायको तोंडघशी पडणार होती, आणि ते त्याला जास्त लागत होतं.

तेवढ्यात परत येता येता मेहुण्याची गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. मेहुण्याला ते पटेना. तो गाडीवर बसूनच हेल्मेटसकट टाकीला कान लावून आत काही डुचमळतंय का ऐकू लागला. मागून पुढच्या शर्यतीच्या गाड्या यायच्या होत्या. त्याची ताई धावत गेली, तिने सीटला दोन्ही हात लावले आणि दात-ओठ खात गाडी पळवायला सुरुवात केली. स्टुडिओवाल्याच्या हातात कॅमेरा होता. तो फिरला, त्याने बटण दाबलं आणि तो फिरतच राहिला, कारण ऐन रागात असलेल्या बायकोला "हलू नका" म्हणायची त्याची छाती झाली नाही.

फोटो नामी आला. मेहुणा टाकीवर वाकलेला, मागे कुंपणाच्या नुसत्या रंगीत रेघा. घरी येऊन स्टुडिओवाल्याने फोटोतून बायकोला मनगटापासून कापलं आणि तिला त्यातलं काही सांगितलं नाही.

सोमवारी तिघे दुकानात गेले. टायरवाल्यांनी फोटो लांब धरला, जवळ घेतला, वेग काय असेल म्हणून विचारलं. मेहुण्याने खाकरून, आपण काटा पाहिला नव्हता, असं सांगितलं. मग टायरवाल्यांनी चष्मा लावला.

"आणि सीटवर ही बोटं कोणाची?"

मेहुणा छताकडे बघू लागला. बायकोने वाकून स्वतःची अंगठी ओळखली.

"माझी," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, बाकीची मी कुठे गेले?"

स्टुडिओवाल्याने गुपचूप खिशातून अख्खा फोटो काढला. तो त्याने स्वतःसाठी छापून घेतला होता. सत्तावीस वर्षांत त्याने बायकोचे चार फोटो काढले होते, चारही पासपोर्टचे, आणि चारहींत ती सारखीच कंटाळलेली होती. हिच्यावर आपला जीव का जडला ते या पाचव्या फोटोत त्याला साफ दिसलं होतं. हे चारचौघांत सांगायचं कसं, म्हणून तो नुसताच लाल झाला. तिने फोटो पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि फोटो टायरवाल्यांपुढे ठेवला.

"हाच लावू," टायरवाले म्हणाले.

लोक हसतील, मेहुणा कळवळून म्हणाला.

"हसू दे. माझं अर्धं गिऱ्हाईक गाडी ढकलतच येतं. भिंतीवर त्यांना आपलं माणूस दिसलं पाहिजे."

टायर ठरले. अडचण एकच होती, गल्ल्यावरच्या चौकटीत अख्खा फोटो मावत नव्हता. एका बाजूने कापावा लागणार होता. सगळ्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने भावाकडे पाहिलं.

"पुढून कापा," ती म्हणाली.

मेहुणा हंगामभर नव्या टायरांवर पळाला. दुकानातल्या फोटोत त्याची पाठ तेवढी आहे, आणि ती कुणाची म्हणून अजून तरी कोणी विचारलेलं नाही.