माशाची बस

ईस्टरच्या आदल्या दुपारी तोनिना चर्चमधल्या येशूच्या मूर्तीभोवती फुलं लावायला निघाली आणि जाताना नवऱ्याला बजावून गेली, "वेन्झू, फिगोल्ल्याकडे लक्ष ठेव. मुंग्या निघाल्यात. आणि उपास उद्या सुटतो, आज नाही."

"चाळीस दिवस काढले. आता एका दुपारीनं काय होतंय?"

"गेल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात हेच म्हणाला होतास."

गेल्या वर्षी त्याचा उपास मोडल्याची गोष्ट तोनिनानं गल्लीभर केली होती. यंदा दोघांनीही गोड सोडलं होतं, आणि वेन्झू मुकाट्याने बिनसाखरेची कॉफी पीत होता.

टेबलावर ईस्टरचा खास गोड फिगोल्ला होता. दोन खुसखुशीत थर, मधे बदामाचं सारण, वर निळी साखर आणि मधोमध चॉकलेटचं अर्धं अंडं, असा हातभर मासा. उद्याच्या मिरवणुकीत पोरं आपापले फिगोल्ले आशीर्वादासाठी नेणार होती, आणि त्यात आपला मासा सगळ्यात मोठा असणार, असं नात इलेनिया शाळेत सांगून बसली होती.

थोड्या वेळाने मुंग्या खरंच टेबलाच्या पायावर चढल्या. वेन्झूने ताटली उचलून कपाटावर ठेवायला घेतली, तर ताटलीबाहेर आलेली शेपटी तुटून त्याच्या तळहातावर पडली. इथवर त्याची काहीच चूक नव्हती. पण बदाम टाकून देणं पाप, आणि उपासात गोड खाणंही पाप. वेन्झूने दोन्ही पापं तोलली आणि त्यातलं लहान पाप खाल्लं.

बिनशेपटीचा मासा वहाणेसारखा दिसू लागला. तोल साधावा म्हणून त्याने डोकं कापलं, मग कल्ले. कापलेलं कुठेतरी जायला हवंच होतं. अर्ध्या तासाने ताटलीत एक सरळ चौकोन उरला, आणि तेव्हा वेन्झूला नात आठवली. घरात बदाम नव्हते. पोरगी उद्या सगळ्यांसमोर काय उंचावणार?

ओट्यावर पिवळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या साखरेच्या वाट्या उरल्या होत्या. वेन्झूने एकतीस वर्षं माल्टात व्हॅलेटाची पिवळी बस चालवली होती. त्याने निळी साखर खरवडली, तीही वाया जाऊ दिली नाही, आणि कामाला लागला. पिवळं अंग, नारिंगी पट्टा, पांढरं छप्पर, चार खिडक्या आणि मधोमध तेच चॉकलेटचं अंडं.

तोनिना आली. ताटलीवर वाकली.

"मासा कुठाय?"

"मासे काय, सगळ्यांकडेच असतात."

"आणि उरलेला?"

"चुरा झाला."

"चुरा कुठाय?"

"मुंग्यांनी नेला," वेन्झू म्हणाला. त्याच्या मिशीला निळी साखर लागली होती.

तोनिना काहीच बोलली नाही. तिच्या बोलण्याची वेन्झूला सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही.

सकाळी बँड वाजू लागला. मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं चढावर धावत निघाली आणि पोरांनी आपापले फिगोल्ले उंच धरले. इलेनियाने फडकं काढलं आणि तिचा चेहरा पडला.

"नन्नू, हा मासा नाहीये."

"नाही बाळा. ही तुझ्या नन्नूची बस आहे."

इलेनियाने वाकून पाहिलं. "आणि हे अंडं म्हणजे तू?"

"मीच."

"पोट अगदी तसंच आहे," ती म्हणाली, आणि हात ताणून बस डोक्यावर धरली. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, तेही दोनदा. ससे आणि कोकरांच्या आकाराचे फिगोल्ले घेऊन आलेली पोरं तिच्याभोवती जमली. शेजारणींनी विचारलं तेव्हा तोनिना एवढंच म्हणाली, "आमच्या वेन्झूनं केली." वेन्झूला तिच्यावर इतकं प्रेम कधीच आलं नव्हतं.

जेवणानंतर तिने दरवर्षीप्रमाणे त्याच्यासाठी केलेला बदामाचा फिगोल्ला आणला. तो नेहमी हृदयाच्या आकाराचा असे. यंदा अर्धंच हृदय होतं.

"हे काय?"

"भट्टीतून काढताना तुटलं. मंगळवारी."

"मग दुसरा अर्धा कुठाय?"

तोनिना खिडकीबाहेर बघू लागली.

"मुंग्या," ती म्हणाली.