पोचला काय?

बसगोंडा आण्णा पहिल्यांदा माझ्या दारात आले, ते माझी गाडी सुरू झाली की नाही हे विचारायला. गाडी सुरू होऊन आठवडा होत आला होता. मी ते त्यांना कळवलं नव्हतं, एवढाच माझा गुन्हा.

मी बनियनवर होतो. बाहेर त्यांची राखाडी अँबॅसिडर आमची राजारामपुरीतली गल्ली अडवून उभी होती आणि मागे दोन मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून दमले होते.

"पद्मिनीवालं सर तुमीच न्हवं? लागली काय गाडी?"

"हो, त्याच दिवशी. तुम्ही लिहिलं तसं डिस्ट्रिब्युटरचं टोपण आतून पुसलं आणि लागली."

"मग सांगायला काय झालं?"

मी दारातून बाजूला झालो. ते चपला काढून आत आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "सर, पेशंट बरा हून मागल्या दारानं घरला गेला. आमी म्होरं बाकड्यावर बसलोय. आमाला कुनी सांगायचं?"

चहा घेतला. गाडी एकदा सुरू करायला लावली, डोळे मिटून ऐकली, आणि गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तसं मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. बसमध्ये दुसऱ्या कुणाचं तिकीट राहिलं तरी कंडक्टरच्या नजरेला नजर देताना मलाच चोरट्यासारखं होतं. पण या वेळी खरोखरच माझी चूक होती.

कोल्हापूर आणि आसपासच्या जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक ऑनलाइन गट आहे. आण्णा त्याचे चालक. लक्ष्मीपुरीत त्यांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे. धूळ जाऊ नये म्हणून फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो आणि त्या पिशवीवरूनच ते एका बोटानं टाइप करतात. घराणं सीमाभागातलं, त्यामुळे मराठीत मधूनच कानडी 'री' येतो. गटात नवीन कुणी आला की ते त्याला तीन गोष्टी विचारतात: नाव, गाव, गाडी. त्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत.

एका मुलानं आल्याआल्या लिहिलं, 'कार्बोरेटर प्रॉब्लेम, अर्जंट'. आण्णांचं उत्तर आलं, "पावणं, आमच्या दुकानात गिऱ्हाईक बी आधी 'आण्णा, बरं हाय न्हवं' म्हनतंय, मग पेंड मागतंय. आधी रामराम, मग काम. तुमी कोन, कुठलं?" मुलगा चिडला असावा. त्यानं नाव, गाव, गाडी लिहून वर आजोबांचंही नाव घातलं. आण्णांनी लगेच लिहिलं, "आता कसं. बोनेट उघडा."

तेच तेच प्रश्न विचारू नका, आधी मागचं वाचा, असाही त्यांचा दंडक आहे. तो पाळण्याची सक्ती मात्र त्यांना जमत नाही. "मागं वाचा की" असं लिहून झालं की खाली सगळं उत्तर स्वतःच पुन्हा लिहितात.

मुरगूडच्या एकानं दुसऱ्याच्या गाडीच्या फोटोखाली 'केवढ्याला देणार?' विचारलं. गाडी विकायला काढलेलीच नव्हती. आण्णा म्हणाले, "लोकाच्या देवघरात जाऊन मूर्तीचा भाव काढतोस व्हय?" शिरोली एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरनं गंजलेल्या जीपला भंगार म्हटलं, त्याची तर त्यांनी तोंडबंदीच केली. "आजाऱ्याला बघाय गेल्यावर 'आता काय ह्यो ऱ्हात न्हाय' असं म्हनतोस काय?" तो माणूस पुढे ती जीप दुरुस्त करायला सुट्टीच्या दिवशी जाऊ लागला, हे मी पाहिलं आहे.

आणि अंगठा. एखाद्याच्या लिहिण्याखाली नुसता अंगठ्याचा शिक्का उमटवणं त्यांना खपत नाही. "अंगठा अडान्यानं द्यायचा. शाळंत गेलायसा न्हवं? मग दोन शब्द लिवा." हा नियम माझ्यामुळे आला असावा असा मला संशय आहे. तो का, ते सांगतो.

या सगळ्या नियमांच्या आधी, गट नवा असताना, 'घाटचा राजा' असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसानं प्रश्न टाकला होता. गगनबावड्यावर थांबलो आहे, ब्रेक मऊ लागतोय, घरची मंडळी बरोबर आहेत, घाट उतरू का? आण्णा तेव्हा दुकानात होते, गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यांनी पोतं उचलता उचलता लिहिलं, "सावकाश उतरा. काय हुईत न्हाय." त्याखाली मी अंगठा दिला. मला ब्रेकमधलं काही कळत नाही. आण्णा म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं.

त्यानंतर घाटच्या राजाकडून काहीच आलं नाही.

संध्याकाळी आण्णांनी खाली लिहिलं, "पोचला काय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्या माणसाचं खातंच दिसेनासं झालं. खरं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, गाडी कुठली तेही माहीत नाही. आण्णांनी दुकान बंद ठेवलं, वैनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेजारी बसवलं आणि अँबॅसिडर घेऊन घाट उतरले. प्रत्येक वळणावर थांबून खाली डोकावायचे, असं वैनी सांगतात. "मी म्हनलं, पेपरात काय आलेलं न्हाय. तर म्हनतात, पेपरात सगळंच येतंय व्हय?"

नाव, गाव, गाडी हे तेव्हापासून सुरू झालं. उत्तर मिळालं की परत येऊन कळवायचं, तेही तेव्हापासून. आणि त्या दिवसापासून आण्णांनी ब्रेकवरच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. कुणी विचारलंच तर एवढंच लिहितात, "गाडी हालवू नका. मिस्त्री बोलवा." बाकी इंजिन, गिअर, वायरिंग, काहीही विचारा, रकानेच्या रकाने भरतील.

त्या जुन्या प्रश्नाखाली मात्र त्यांचं 'पोचला काय?' अधूनमधून उमटत राहिलं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की एकदा. पाऊस मोठा झाला की एकदा. नव्या लोकांना ती गंमत वाटायची. त्या मुरगूडकरानं एकदा खाली हसरे चेहरे टाकले. आण्णा त्याला काही बोलले नाहीत. मीच त्याला खासगीत सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. त्यानं चेहरे काढून टाकले.

मध्यंतरी एका शनिवारी गटात नवा माणूस आला. "रामराम. नाव महांतेश. गाव निपाणी. गाडी काळी पद्मिनी. उद्या रंकाळ्याजवळ सगळे जमता तिथं आलो तर चालेल का?" आण्णा खूश झाले. "हेला म्हनायचं वळण," असं त्यांनी मला फोन करून सांगितलं.

माझी गाडी तेव्हा रंगाला दिली होती, म्हणून रविवारी मी आण्णांबरोबर अँबॅसिडरमधून गेलो. महांतेश वेळेवर आला. चाळिशीचा, जाडसर मिशांचा माणूस. दोन्ही हात पाठीमागे बांधून गाड्या बघत होता, एकाही गाडीला बोट लावलं नाही. आण्णांनी "बर्री, कूड्री" असं कानडीत या-बसा करून त्याला खुर्ची दिली.

"आदी कुठल्या गटात हुतासा?"

तो जरा घुटमळला. "हितंच हुतो री. दुसऱ्या नावानं."

"कंच्या?"

"घाटचा राजा."

आण्णांचा हात बोनेटवर होता, तो तिथेच राहिला. समोर बसलेल्या माणसाकडे बघत त्यांनी विचारलं, "पोचला काय?"

"पोचलो की री. म्होरं बसलोय न्हवं."

"मंडळी?"

"समदी बरी हायती. पोरगी शाळंत जातीया."

"आन् ब्रेक?"

महांतेशनं मान खाली घातली. "आण्णा, मी उतरलोच न्हाय. तुमचं वाचलं, चावी फिरवली. तर बायको पोरीला घिऊन खाली उतरली. म्हनली, तुमचं आण्णा गाडीत बसनार हायती काय? न्हाय न्हवं? मग मी बी बसत न्हाय. यष्टीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बघितलं. चाकापाशी ब्रेकचं ऑइल गळत हुतं. दोन वळनं बी निघाली नसती म्हनला."

शेजारी कुणीतरी इंजिन सुरू केलं आणि बंद केलं.

"मग कळवायचं न्हाय?" आण्णा म्हणाले.

"काय कळवू? तुमी वडीलधारी मानसं. समद्यांच्या म्होरं लिवू, आण्णा चुकलं म्हनून? माझ्यानं झालं न्हाय. म्हनून ते नावच बंद केलं. पन तुमी अजून इचारताय असं गटातल्या एका पावन्याकडनं कळलं."

आण्णांनी बोनेटवरचा हात काढला. मग म्हणाले, "माझं ऐकलं न्हाईस."

"न्हाय री."

"बरं केलंस."

एवढंच. नंतर त्यांनी त्याची काळी पद्मिनी पाहिली. भोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि कोरडं आहे याची खात्री करून घेतली. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही हा त्यांचाच नियम. निघताना आण्णांनी त्याला बजावलं, "घरला गेला की लिवा. त्याच जुन्या प्रश्नाखाली."

सगळे पांगले. आम्ही दोघंच उरलो. आण्णा गाडीचं दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसले होते, फोनची पिशवी मांडीवर. वैनींचा फोन आला.

"जेवायला येताय न्हवं? रस्सा गार हुतोय."

"पावणं निपानीला जाऊ दे. मग येतो."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. जुन्या प्रश्नाखाली, त्यांच्या कितीतरी 'पोचला काय?'च्या शेवटी, नव्या नावानं एक शब्द आला होता: "पोचलो." आण्णांनी तो मला दाखवला. मग पिशवीवरून एकेक अक्षर दाबत खाली लिहिलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं हुतं. पोरीच्या आईला माझा नमस्कार सांगा." सगळ्यांना दिसेल असं.

माझं बोट सवयीनं अंगठ्याकडे गेलं होतं. मी ते मागे घेतलं आणि लिहिलं, "मी पण न कळता हो म्हटलं होतं."

त्यांनी मला घरी सोडलं. पुन्हा गल्ली अडली, पुन्हा मागून हॉर्न. मी उतरून दार लावलं तरी अँबॅसिडर हलेना. मी वळून पाहिलं तर आण्णा काचेतून फोन दाखवत होते.

घरात शिरून मी लिहिलं, "पोचलो." तेव्हा कुठे बाहेर गिअर पडल्याचा आवाज आला.