तळ्याकाठचा कोळसा

भिवपुरीच्या वीजघरात काम करणारे आमचे नामदेवकाका विडी ओढणाऱ्याच्या मागे दगड घेऊन धावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "विझव रं. माज्या कोळशाचं वय बिघडंल."

कोळसा तळ्याकाठचा. उन्हाळ्यात पाणी हटलं आणि कातकरवाडीखाली जुन्या चुली उघड्या पडल्या, भोवती दगडाच्या धारदार चिपा, आदिमानवाच्या हत्यारांसारख्या. काका हरखले. सुटी तिथंच काढायचे, चहासुद्धा तळ्यापलीकडे उकळायला लावायचे. झाड मेलं की त्यातला एका जातीचा कार्बन ठरल्या चालीनं घटतो, उरलेला मोजला की वय निघतं, हे ते बकऱ्या चारणाऱ्यालाही ऐकवत.

मला ते वय हवंच होतं. वाडी उठवायला निघालेले सरकारी साहेब म्हणत, हे लोक कालपरवा आले. डोंगरातली माणसं कालपरवाची, आणि साहेब काय इथल्या मातीतून उगवले? वाडीच्या बाजूनं काढायच्या पत्रकाचा मथळा मी ठरवून टाकला होता: 'उपरा कोण?' फक्त वय भरायचं होतं.

काकांनी चिमट्यानं कोळसा वेचून डबा भरला आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत धाडला. उत्तर आलं: कोळसा ताजा आहे.

मी काकांसोबत वाडीत जाऊन तावातावानं ते सांगितलं. कोळशाची भट्टी लावणारी सोनीआजी म्हणाली, "ताजाच आसंल. डब्यात निस्ता भुगा हुता. मुंबैला आसला माल धाडत्यात व्हय? तुमी जेवाया गेलात तवा मी आमचा खणखणीत भरला."

मी तोंड उघडणार, तोच काकांनी माझं मनगट दाबलं. "आजे, त्येंना लई पसंत पडला बग."

आजी खुलली.

चुलीचा खालचा थर शाबूत होता. दुसरा डबा गेला. या खेपेला उत्तर आलं: हजारो वर्षांपूर्वीचा. मी भर रस्त्यात नाचलो.

साहेबांच्या बैठकीत दोन्ही उत्तरं ठेवली, तेव्हा प्रश्न आलाच. "मग पहिल्या डब्यात भेसळ कुणी केली?"

काका उठले. "म्या. घरच्या चुलीतला पडला चुकून."

साहेब मंडळी पोट धरून हसली. पण वाडी उठवायचा हुकूम थांबला.

परतताना मी काकांवर भडकलो. खोटं कशाला बोलायचं? स्वतःचं हसं का करून घ्यायचं?

काका म्हणाले, "माजी आई रानातली चांगली चांगली भाजी निवडून पाटलीणबाईला न्यायची. ती आईदेखत गुरांपुढं टाकायची. येकदा तरी आईला कुनी म्हनाया पायजे हुतं रं, भाजी चांगली हाय."