तीन हजार कोटांचे मास्तर

"व्यवसाय?" लॉजच्या मालकीणबाईंनी नोंदवहीच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं.

"मास्तर," मास्तर म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. एकतीस वर्षं ते जिन्याखालच्या दुकानात बसून कोट शिवत होते, आणि शिवणाऱ्या माणसाला सगळे मास्तरच म्हणतात. घरात बायकोसुद्धा "मास्तर, ताट वाढलंय" अशी हाक मारायची. त्यांच्या मशीनची मोटर जळाली, दुरुस्तीला आठ दिवस लागणार असं कळलं, तेव्हा हीच बायको म्हणाली होती, "घरात बसून माझे पडदे उसवू नका. एखादं मोठं शहर बघून या. मला गाडी लागते, मी काही यायची नाही." मुलीने लगेच आठवड्याची यादी करून दिली: सोमवारी संग्रहालय, मंगळवारी चित्रांचं दालन, बुधवारी नदीत होडी, गुरुवारी वाद्यवृंद, शुक्रवारी नाटक, शनिवारी जे राहिलं असेल ते. एकट्याने केलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रवास. निघायच्या चार दिवस आधीच त्यांनी बॅग भरली होती आणि रोज सकाळी तिच्यातून दात घासायचा ब्रश काढून परत आत ठेवत होते.

"कसले मास्तर?" बाईंनी विचारलं.

"कोटाचे."

बाईंचं पेन थांबलं. आता यात बाईंची तरी काय चूक? या शहरात कोट म्हटलं की लहान पोरालाही एकच गोष्ट आठवायची: नदीकाठचा चार बुरुजांचा पडका भुईकोट. शहराच्या इतिहास मंडळाच्या त्या चिटणीस होत्या, सगळे त्यांना चिटणीसबाईच म्हणत, आणि येत्या शनिवारच्या व्याख्यानाला त्यांनी ठरवलेल्या वक्त्याचा घसा नेमका त्याच सकाळी बसला होता.

"म्हणजे तुमचा कोटांचा अभ्यास आहे?"

"अभ्यास कसला बाई, आयुष्य गेलंय त्यात."

"किती कोट पाहिलेत?"

"नुसते पाहिलेत काय, हाताखालून गेलेत. तीन हजार तर सहज."

"तीन हजार! आणि काही लिहून ठेवलंय?"

"सगळ्यांची मापं आहेत वहीत. लांबी, रुंदी, घेर. अगदी पहिल्यापासून."

"जुनेही असतील त्यात?"

"जुन्यातच खरी मजा," मास्तर खुलले. "मागच्या महिन्यात एक बघितला. कुणाच्या तरी पणजोबांच्या वेळचा. बाहेरून ठणठणीत, आतून पार पोखरलेला. आतून सगळा मोकळा केला, नवा आधार दिला, परत होता तसा केला. आता पन्नास वर्षं हलत नाही तो."

"एकट्याने?"

"एकट्यानेच. चार दिवस लागले."

चिटणीसबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या मंडळाला कोटाच्या एका कमानीसाठी बारा वर्षं नुसते अर्ज करावे लागले होते. त्यांनी मास्तरांना रस्त्याकडची, मोठ्या खिडकीची खोली दिली. शहर भलतंच अगत्याचं आहे, असं मास्तरांना वाटलं.

यादीप्रमाणे सोमवारी दुपारी मास्तर संग्रहालयात गेले. तिथे भांडी, नाणी, तलवारी वगैरे बरंच काही होतं, पण एका काचेच्या पेटीत जुन्या राजाचा कोट मांडलेला होता आणि मास्तर त्या पेटीपासून दोन तास हलले नाहीत. संध्याकाळी लॉजवर परतले ते तणतणतच.

"बाई, तुमच्या राजाचा कोट बघून आलो."

"पहिल्याच दिवशी गेलात?"

"अहो, काय अवस्था केलीय त्याची! डावी बाजू खचलीय. पुढचा भाग सगळा खाऊन टाकलाय. आणि मधोमध कुणीतरी ठिगळ मारलंय, तेही नव्या मालाने! मारणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?"

"हेच तर मी बारा वर्षं ओरडतेय!" चिटणीसबाईंनी नोंदवहीवर हात आपटला. "आत जाऊन बघितलंत?"

"आत हात घालू देतात होय? पहारेकरी अंगावर धावून आला. पण तुम्हाला सांगतो, आत चोरकप्पे असणार. एवढ्या जुन्या कोटाला दोन तरी असतातच."

"आम्हाला एकच सापडलाय."

"मग दुसरा डाव्या अंगाला. वरच्या बाजूला, आतून. शोधा, मिळेल."

त्याच संध्याकाळी मंडळाचे तीन सभासद बॅटऱ्या घेऊन भुईकोटात शिरले आणि डावी भिंत ठोकत बसले. एका ठिकाणी पोकळ आवाज येतोय असं त्यांचं एकमत झालं. मंगळवारी सकाळी ही बातमी शहरभर झाली, आणि मास्तर चहा पीत असताना चिटणीसबाई समोर येऊन बसल्या.

"मास्तर, नाही म्हणू नका. शनिवारी आमच्या सभागृहात तुम्ही बोलायचं. कोटावर."

मास्तरांच्या हातातली बशी कलंडली. एकतीस वर्षांत लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता: "मास्तर, कधी मिळेल?" कोट कसा होतो, का होतो, एक बसतो आणि दुसरा का बसत नाही, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. आणि इथे एक अख्खं शहर म्हणत होतं, बोला. बशी तशीच तिरकी धरून त्यांनी दोनदा मान हलवली.

"एक सांगून ठेवते," बाई म्हणाल्या. "आमचे अध्यक्ष प्राध्यापक होते. चुकीचं बोलणाऱ्याला ते सोडत नाहीत. गेल्या वर्षी एका वक्त्याने सन चुकवला, तर त्याला भर सभेत खाली बसवलं. गावी जाईपर्यंत तो वर बघत नव्हता."

"कोटात मी चुकायचा नाही," मास्तर म्हणाले. "फक्त दाखवायला एखादा कोट मिळेल का? हातात घेतल्याशिवाय मला बोलता येत नाही."

"हातात? सभागृहात?"

"फार मोठा नको. टेबलावर मावला म्हणजे झालं. आणि उघडता आला पाहिजे. आतलं काम दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

चिटणीसबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आहे! शाळेत एक आहे तसा. उघडतो पण!"

विषय काय लिहायचा, यावर मास्तर म्हणाले, "कोट: बांधणी आणि दुरुस्ती." बाईंनी त्यात आपल्या मनाने ‘पडझड’ घातलं. कोटाला पडझड हा शब्द जरा जडच होता, पण मोठ्या शहरात लोक असं बोलत असतील, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं.

मग त्यांचा आठवडा कसा पळाला, त्यांनाही कळलं नाही. चित्रांच्या दालनात दोनशे वर्षांपूर्वीचे सरदार-सावकार त्यांच्याकडे बघत होते आणि मास्तर त्यांच्या कॉलरी बघत होते. होडीत त्यांनी नावाड्याला अर्धं भाषण म्हणून दाखवलं. नावाडी वल्हवायचा थांबला, त्यामुळे होडी पैलतीराला लागायला तासभर उशीर झाला. गुरुवारी वाद्यवृंदाला तर कहर झाला. साठ वादक, साठ काळे कोट. व्हायोलिनवाल्यांचे चाळीस हात एकदम वर जात आणि खाली येत होते, आणि एकाही खांद्याला सुरकुती पडत नव्हती. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शेजारच्या बाईंनी त्यांना रुमाल दिला आणि हळूच म्हटलं, "मलाही हा राग फार आवडतो."

नाटकाच्या मध्यंतरात त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, पाटी लागलीय चौकात. ‘तीन हजार कोटांचे मास्तर.’ सभागृह लहान पडतंय म्हणून मोठं घेतलंय. चारशे माणसं!"

"चारशे? अहो, तुम्ही गिऱ्हाइकाशी तोंडात टाचण्या धरून बोलता. तिथे कसं बोलणार?"

"टाचण्या नाहीत ना इथे. तेच तर."

शनिवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मधोमध टेबल, त्यावर हिरव्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं. एका बाजूला अध्यक्ष, किडकिडीत, करड्या कोटातले, मांडीवर वही उघडून आणि पेन्सिलीला टोक काढून बसलेले. चिटणीसबाईंनी ओळख करून देताना आवाज इतका चढवला की माइक किंचाळला. "आणि आता मास्तर त्यांनी मुद्दाम मागवलेला कोट आपल्यापुढे उघडतील!"

टाळ्या पडल्या. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि झटक्यात कापड ओढलं.

समोर प्लास्टरचा किल्ला होता. चार बुरूज, तट, खंदकात निळा रंग, दरवाजावर एक छोटा झेंडा.

टाळ्या वाढल्या. मास्तर किल्ल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चिटणीसबाईंकडे पाहिलं. त्या आनंदाने नुसत्या फुलल्या होत्या. हळूहळू मास्तरांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. खचलेली डावी बाजू. चोरकप्पा. पडझड. चार दिवसांत, एकट्याने! मागे दार होतं, पण समोर चारशे माणसं टाळ्या वाजवत होती.

"मंडळी," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "चूक झालीय. मी शिंपी आहे."

पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मी अंगात घालायचे कोट शिवतो. मला वाटलं, तुम्हाला त्यांच्याबद्दल ऐकायचंय. हा असला कोट मी जन्मात बघितला नाही. बाईंची काही चूक नाही यात. बाईंना बोलू नका."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग चारशे माणसं हसली. डाव्या भिंतीवर ठोकून आलेले तिघे तेवढे हसले नाहीत. चिटणीसबाई पांढऱ्याफटक पडल्या. मास्तरांनी त्या हिरव्या कापडाची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून पायऱ्यांकडे निघाले. एवढंच व्हायचं राहिलं होतं, असं त्यांना वाटलं. एकतीस वर्षांत एकदा बोलायला मिळालं, आणि तेही चुकून.

"थांबा!"

अध्यक्ष उठले होते. हशा जागच्या जागी विरला. आता या माणसाची काही धडगत नाही, असं पहिल्या रांगेला वाटलं आणि तिने खुर्च्या पुढे सरकवल्या.

"बावीस वर्षं," अध्यक्ष म्हणाले, "मी या व्यासपीठावरून बुरूज दाखवतोय. असा हात वर करतो," त्यांनी हात वर केला, "आणि प्रत्येक वेळी हा कोट असा मानेवर चढतो. लोक बुरुजाकडे बघायचं सोडून माझ्या मानेकडे बघतात. का होतं हे? सांगता येईल?"

मास्तर परत आले. अध्यक्षांच्या काखेपाशी वाकले, दोन बोटं आत घातली आणि त्यांचा आवाज एकदम जागेवर आला.

"मुंढा खाली कापलाय साहेब. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ते भोक. शिवणाऱ्याला वाटलं, मोठं कापलं की हात मोकळा राहील. होतं उलट. हात वर गेला की बाही सगळा कोट ओढून नेते. मुंढा काखेला जितका लागून, तितका हात मोकळा. परवा त्या वाजवणाऱ्यांचे बघितलेत? साठ कोट, एक हलला नाही!"

"अच्छा!" अध्यक्ष म्हणाले, आणि वहीत लिहू लागले.

तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. "माझं मागचं शेपूट का फाकतं?" मग बाल्कनीतून, "धुतल्यावर कॉलर गुंडाळतेय!" मग बायकाही उठल्या, "यांच्या कोटाचं पोटावरचं बटण तीनदा तुटलंय, कुणाची चूक, बटणाची की यांची?" इतिहास मंडळाच्या व्याख्यानानंतर आजवर कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. मास्तरांनी अध्यक्षांचा कोट उतरवून घेतला आणि पुढच्या दोन बुरुजांवर चढवला. खांदे तंतोतंत बसले. दरवाजा बरोबर पोटावर आला. मग किल्ल्याभोवती फिरत, कोट उलटापालटा करत, ते बोलत सुटले. दोन तास कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. चिटणीसबाईंच्या गालांवर रंग परत आला. त्या प्रश्न विचारणाऱ्यांची रांग लावत धावत होत्या.

शेवटी एक म्हातारे आजोबा काठी टेकत उभे राहिले.

"मास्तर, सगळं कळलं. पण तुम्ही नुसत्या शर्टावर आलात. तुमचा कोट कुठाय?"

मास्तरांनी आपल्या शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाले, "शिवला नाही कधी. गिऱ्हाइकांचे संपले की शिवू म्हटलं. संपलेच नाहीत."

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी बुरुजांवरून आपला कोट उतरवला, झटकला आणि मास्तरांच्या मागे जाऊन उभे राहिले. मास्तरांना सवयीने वाटलं, माप घ्यायचंय, म्हणून ते ताठ झाले. अध्यक्षांनी एक बाही चढवली, मग दुसरी. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं.

कोट वाईटच होता. खांदा दोन बोटं बाहेर, पाठीत झोळ, आणि मुंढ्याबद्दल तर बोलायलाच नको. मास्तरांनी लोकांना हात केला, तसा तो सगळाच्या सगळा मानेवर चढला आणि कॉलर कानांना टेकली. एकतीस वर्षांचा अनुभव सांगत होता की हात ताबडतोब खाली घ्यावा. मास्तरांनी तो घेतला नाही. टाळ्या थांबल्या, दिवे लागले, माणसं खुर्च्या ओलांडून दाराकडे निघाली, तरी ते हात वर करून तिथेच उभे होते.