धोंड्याच्या महिन्यातला सामना

“जावई गावात येणार, आपल्या दारावरून जाणार, आन् तुमी त्यास्नी जेवायला बोलवणार न्हाई? धोंड्याच्या महिन्यात?”

उज्वलाबाईंनी हे विचारलं तेव्हा रामलिंगअप्पा अंगणात गोलाची जाळी पसरून तिची भोकं शिवत बसले होते.

“अगं, ते जेवायला न्हाई येऊन राहिले. आपल्याला बुडवायला येऊन राहिलेत.”

दोघांचंही खरं होतं. अप्पांच्या शिवांगीचा नवरा संगमेश्वर लातूरच्या एका डाळमिलमध्ये हिशेब बघायचा आणि रविवारी लातूरच्या संघाचा गोली म्हणून गोलात उभा राहायचा. येत्या रविवारी लातूरचा संघ अर्धापूरला खेळायला येणार होता. आणि महिना होता अधिक. लग्नानंतरचा पहिलाच. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, हे आपल्याकडं कायद्यापेक्षा कडक. तो गोली असो नाहीतर तहसीलदार असो.

आता अप्पांच्या क्लबाबद्दल सांगायला हवं. अर्धापूरचा नवजवान फुटबॉल क्लब हा धड पगारी नाही आणि धड हौशीही नाही. कुणी वायरमन, कुणी रोपवाटिकेत, बसवंत केळीचा टेम्पो चालवायचा, आणि कप्तान आनंदराज सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. प्रत्येक सामन्याला थोडं मानधन आणि वर केळीची एक फणी. अप्पा स्वतः केळीचे व्यापारी. त्यांना फुटबॉल खेळता येत नव्हता, बघता मात्र छान यायचा, आणि त्यापायी त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. लोक हसायचे. म्हणायचे, केळीच्या गावात बॉल कशाला? अप्पा म्हणायचे, पोरं संध्याकाळी मैदानावर दिसतात ना, मग पुरे झालं.

पण यंदा दिवस फिरले होते. विभागाच्या लीगमध्ये दोन गट, वरचा आणि खालचा. अर्धापूर वरच्या गटात तळाला. शेवटचा सामना लातूरशी. जिंकला तर राहिले, बरोबरी झाली तरी खाली. आणि मोंढ्याच्या बाजारातल्या हॉटेलात चहा पिता पिता अप्पा चार लोकांसमोर बोलून बसले होते, “खालच्या गटात गेलो तर क्लब बंद. मग मी न्हाई आन् फुटबॉल न्हाई.” माणूस असं कामून बोलतो, देव जाणे. हरायची भीती वाटली की तो आधीच आपल्या हातानं दार लावून घेतो, म्हणजे दुसऱ्यानं लावलं असं वाटू नये. बोलताना अप्पांना बरं वाटलं. घरी आल्यावर झोप लागेना. क्लब गेला तर संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न त्यांना खरोखर खायला लागला होता.

तर जाळी शिवता शिवता अप्पांचा हात थांबला. डोक्यात उजेड पडला.

“बोलाव,” ते म्हणाले. “बोलाव जावईबापूंना. पोटभर खाऊ घाल. तूप जरा सढळ हातानं वाढ.”

“आँ? आता कसं पटलं?”

“धर्माचं काम हाय. त्यात काय पटायचं.”

पाच धोंडे खाल्लेला माणूस डावीकडं झेप घेईल काय? उजवीकडं तरी घेईल काय? अप्पांनी त्याच बैठकीत लातूरला फोन लावला. संगमेश्वर बिचारा साधा पोरगा. तो म्हणाला, “येतो की मामा. पण एकटा कसा येऊ? सगळी टीम एकाच गाडीत असती.”

“टीम आना की! माझं घर का लहान हाय?” अप्पा म्हणाले आणि फोन ठेवून मांडीवर थाप मारली. एका गोलीच्या जागी अख्खा संघ जड होणार होता! उज्वलाबाईंनी मात्र कपाळाला हात लावला आणि शेजारच्या साखराबाईंना पुरण वाटायला हाक मारली.

शिवांगी आदल्या दिवशीच माहेरी आली होती. रविवारी दुपारी लातूरची गाडी दारात लागली. अंगणात मांडव घातला होता, केळीची पानं मांडली होती. पुरणाच्या कटाची येळवणी, भजी, कुरडया, आणि परातीत धोंड्यांची रास. पाहुणे पानावर बसले. बसले आणि बसूनच राहिले. कुणी हात लावीना.

“जेवा ना! कामून थांबले?” अप्पा.

“मामा, तुमची टीम कुठाय?” संगमेश्वरनं विचारलं. “घरच्यांना सोडून पाव्हण्यांनी कसं जेवायचं? बरं दिसत न्हाई ते.”

अप्पांची टीम मैदानाशेजारच्या लिंबाखाली सरांच्या नजरेखाली दोन दोन केळी खाऊन पडली होती. पण पंगतीला यजमान नाही म्हणजे यजमानाची इज्जत गेली. लातूरची सगळी मंडळी अप्पांकडं बघत होती. काय करता? टीमला बोलवायला माणूस धाडावा लागला.

आनंदराज सर दारातच अप्पांच्या कानाशी लागले. “अप्पा, पाचला सामना हाय. पोरं जेवली तर पळतील कशी?”

“नावाला बसवा हो सर. एक एक धोंडा. बाकी पानातच ठेवा म्हणावं.”

हे सरांनी पोरांना सांगितलं. उज्वलाबाईंना सांगायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आणि सांगूनही काही उपयोग झाला नसता.

“हे काय सर, एकच? माझ्या हातचं गोड लागत न्हाई का?”

“तसं न्हाई वहिनी, सामना...”

“सामना काय पळून चाललाय? घ्या. आन् पोरांनो, पानात टाकायचं न्हाई बरं का. अन्न हाय ते.”

सरांनी आयुष्यभर पोरांना ‘ताटात टाकू नका’ हेच शिकवलेलं. त्यांनी खाल्लं. सरांनी खाल्लं म्हणून पोरांनी खाल्लं. तेवढ्यात देगलूरहून पंच चंद्रप्पा एसटीतनं उतरले आणि पत्ता विचारत दारात आले. आता पंचाला उपाशी बाहेर उभं करता येतं काय? तेही बसले. अंगानं दांडगे आणि स्वभावानं मोकळे. त्यांनी कुणाचाच आग्रह मोडला नाही, मग तो एका बाजूचा असो की दुसऱ्या बाजूचा.

आता खरी गंमत ऐका. सगळा घाट ज्याच्यासाठी घातला होता, तो जावई जेवत नव्हता. नवा जावई. समोर सासू, दारात साखराबाई, खिडकीत गल्लीतल्या सगळ्या बाया. सासरवाडीत हावऱ्यासारखं खाऊ नये, असं आईनं बजावून धाडलेलं. तो “बास मामी, बास” म्हणायचा, मामी वाढायच्या, आणि त्या वळल्या की हा हळूच धोंडा उचलून शेजारच्या पानात सरकवायचा. शेजारी बसला होता बसवंत. अर्धापूरकडून गोल मारणारा एकमेव माणूस. टेम्पोवर बसून बसून त्याची भूक तशीही दांडगी होती, आणि पानात आलेलं टाकायचं नाही असा हुकूम होता. तो खाली मान घालून खात राहिला.

अप्पांना हे दिसलं तेव्हा उशीर झाला होता.

पाचला सामना सुरू झाला. झाला म्हणजे शिट्टी वाजली. ज्येष्ठाचं ऊन, पोटात पुरण. बॉल ज्याच्याकडं जायचा तो त्याला पुढं ढकलायचा आणि तो लांब गेला म्हणून बरं वाटून उभा राहायचा. बसवंत तर गोलासमोर जाऊन थांबला तो थांबलाच. पंच चंद्रप्पा मैदानाच्या मधल्या वर्तुळातून हलले नाहीत, तिथूनच अंदाजानं शिट्ट्या मारत होते. मैदानात ताजातवाना असा एकच माणूस होता. संगमेश्वर आपल्या गोलात इकडून तिकडं उड्या मारत होता.

“अप्पा, पोरांना काय झालंय आज?” बघणाऱ्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

अप्पा मनात म्हणाले, करायला गेलो गणपती आणि झालं माकड. ते जाळीमागं उभे राहून घामाघूम होत होते. आपण क्लब आपल्याच हातानं जेवू घालून मारला, हे त्यांना कळत होतं.

शेवटची पाच मिनिटं राहिली. एकाही बाजूचा गोल नाही. सरांनी उरलासुरला जोर लावून लांबून बॉल मारला. तो सरळ लातूरच्या एका खेळाडूच्या पोटाकडं निघाला. एरवी त्यानं छातीवर घेतला असता. पण आत काय काय भरलंय हे त्याचं त्याला माहीत. पोट वाचवायला त्या बापड्यानं दोन्ही हात पुढं केले.

शिट्टी वाजली. गोलासमोरच्या चौकोनात हात लागला. पेनल्टी!

अप्पांनी हात जोडले. अखेर धोंडे पावले म्हणायचे! सगळं मैदान कडेला गोळा झालं. उज्वलाबाईही हात पुसत पुसत आल्या होत्या, जन्मात पहिल्यांदा. बॉल ठेवला, सर मागं सरले. गोलात जावई. हा बॉल आत गेला तर क्लब वाचला, नाही तर संपला. संगमेश्वरलाही ते ठाऊक होतं. त्यानं एकदा जाळीमागच्या सासऱ्याकडं पाहिलं. अप्पांनी नजर खाली घातली. काहीही झालं तरी त्यांना खूण करवेना, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

सरांनी मारला. चांगला मारला, कोपऱ्यात खाली. आणि संगमेश्वरनं आडवी झेप घेऊन दोन बोटांनी तो बाहेर काढला.

अर्धापूरकरांनी डोक्याला हात लावला. मग एकच टाळी वाजली.

“बाई, किती छान उडाले जावईबापू!” उज्वलाबाई म्हणाल्या.

सामना बरोबरीत संपला. अप्पा खांबावरून जाळी सोडायला लागले. आनंदराज सर दुसऱ्या टोकाची गाठ सोडायला आले. “बंद म्हणजे बंद, सर. मी चार लोकात बोललोय,” अप्पा म्हणाले. त्यांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं.

संगमेश्वर मागून आला. “मामा, गोल होऊ द्यायचं ठरवलं होतं मी. आईची शप्पथ. पण बॉल आला, आन् हात ऐकंनात.”

“चला घरला,” अप्पा एवढंच म्हणाले.

टीम लातूरला गेली, जावई मागं राहिला. दिवेलागणीला त्याला पाटावर बसवलं. शिवांगीनं रांगोळी काढली होती. उज्वलाबाईंनी ओवाळलं, वाणाचं ताट पुढं केलं आणि रीतीप्रमाणं म्हणाल्या, “सांगा जावईबापू, काय पायजे? लाजायचं न्हाई.”

संगमेश्वरनं शिवांगीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. तो घसा साफ करून म्हणाला, “घड्याळ नको, अंगठी नको. मला अर्धापूरचा गोल द्या. पुढल्या हंगामापासून.”

अप्पा कोपऱ्यातून म्हणाले, “अहो, क्लब बंद केलाय मी.”

“मग चालू करा की,” संगमेश्वर म्हणाला.

“आन् खालच्या गटात खेळणार तुमी? लातूरची टीम सोडून?”

“गोल तेवढाच असतो की मामा. वरच्या गटात काय रुंद असतो का?”

अप्पांना हसू येत होतं, रडूही येत होतं. ते म्हणाले, “पण मोंढ्यात चार लोकात शब्द दिलाय मी. लोक काय म्हणतील?”

“तो चहावरचा शब्द,” उज्वलाबाई म्हणाल्या. “हा पाटावरचा हाय. जावई पाटावर बसून मागून राहिलेत आन् तुमी न्हाई म्हणता? लोकांचं काय घेऊन बसलाव? लोक दुपारपासून हसूनच राहिलेत.”

अप्पा उठले. जाळीची गुंडाळी खुंटीला टांगून त्यांनी आनंदराज सरांना फोन लावला.

“सर, पोरांना सांगा, क्लब चालू हाय. खालून सुरुवात करू. आन् गोली मिळाला.”

“कोण?”

“आमचे जावई.”

सर म्हणाले, “अप्पा, त्यांनीच तर बुडवलं आपल्याला.”

“हाव. म्हणून तर घेतले.”

आतून उज्वलाबाईंचा आवाज आला. त्या साखराबाईंना सांगत होत्या, “आता काय, मॅच असली की जावईबापू जेवायला घरीच! एकटे कशाला, सगळ्या पोरांना घेऊन येतील. मी का कंटाळणार हाय?”

अप्पांनी फोनवर हात धरला, आतल्या दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला.

“सर, ऐका. पुढल्या वर्षी आपले सगळे सामने बाहेरगावी ठेवता येतील का, जरा बघा.”