आबांचं न घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या शेजारचे आबा मिक्सरलासुद्धा गाऱ्हाणं घालतात. शुभकार्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घालायची रीत आमच्या आरोंद्यात आहेच. एकाने मागायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. आबांना मात्र शुभकार्यापर्यंत दम निघत नाही. सून चटणी वाटायला बटण दाबणार, एवढ्यात यांचे हात जोडलेले. “बा देवा म्हाराजा, ह्यां यंत्र चटणी होयसर चलांदे रे म्हाराजा!” मग सगळ्यांनी ओरडायचं, “व्हय म्हाराजा!” मीही कुंपणापलीकडून ओरडते. न ओरडून सांगते कुणाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

सगळ्यांत खणखणीत आवाज त्यांच्या नातीचा, मनूचा. मनू जन्मली तीच आखडलेले सांधे घेऊन. पावलं आत वळलेली, कोपरं काठीसारखी ताठ. पूर्वी अशी पोरं आयुष्यभर एका जागी बसून राहायची. मनूची पावलं डॉक्टरांनी दर आठवड्याला नवं प्लॅस्टर घालत, थोडीथोडी वळवत सरळ केली. आता ती खास बूट घालून माझ्या अंगणात येते आणि अबोलीची रोपं तुडवते. राहिले होते हात. चार वर्षांची पोर, पण कोपर वाकल्याशिवाय घास तोंडात जाणार कसा? म्हणून उजव्या कोपराचं ऑपरेशन गोव्यात ठरलं.

निघायच्या दिवशी आबा गप्प. मला संताप आला. “मिक्सरला गाऱ्हाणं घालता, आणि पोरीसाठी तोंडातून चकार शब्द नाही?”

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मिक्सर बंद पडलो तर पाटो-वरवंटो आसा, बाय. हिच्यासाठी देव नाय म्हणालो, तर मगे मी खंय जाव?”

मी खाली वाकून मनूच्या बुटांचे पट्टे आवळायला लागले.

ऑपरेशन झालं. पुढे प्लॅस्टर काढून व्यायाम शिकवायला बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेले. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मनूच्या हातात मालवणी खाज्याचा तुकडा दिला. “हात टेबलावर टेकव आणि पुढे रेल. कोपर वाकेल. कुणी मदत करायची नाही हं.”

मनू रेलली. हात वर सरकला आणि हनुवटीखाली येऊन थांबला. सून पदर दातांत धरून उभी. पुन्हा जोर, पुन्हा तिथेच.

आबा भिंतीला टेकून होते. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. “बा देवा म्हाराजा...”

एवढंच. पुढचं मागणं आलंच नाही. दुजोरा तरी कशाला द्यायचा, आम्हाला कळेना.

मनूला मात्र सवय. ती आणखी पुढे झुकली, खाज्याचा कचकन चावा घेतला आणि भरल्या तोंडाने ओरडली, “व्हय म्हाराजा!”

आबा तिथेच फरशीवर बसले आणि टोपीत तोंड खुपसून रडले.