दत्ताभाऊजींचा अडकलेला डाव

आमच्या शेजारचे दत्ताभाऊजी कॉम्प्युटरला अहो-जाहो करतात. "उघडता का जरा? बरं बरं, सावकाश." लग्न केलं नाही माणसानं, नाहीतर बायकोचं नशीबच उजळलं असतं!

दिवेआगरात आमच्या वाडीला लागूनच त्यांचं घर. गावकीची भांडी त्यांच्या ताब्यात. लग्नकार्याची मोठी तपेली, कढया, झारे कोणी घरात बाळगत नाही. भाऊजींकडून न्यायची, घासून परत आणून द्यायची.

भाच्यानं त्यांना जुना कॉम्प्युटर दिला, लिनक्सवाला. त्यावर ते पनवेलच्या अण्णांशी, म्हणजे थोरल्या भावाशी, बुद्धिबळ खेळतात. रोज पाच वाजता अण्णांची सून फोन लावून देते, अण्णा चाल सांगतात, भाऊजी इथे दोघांची मोहरी हलवतात. तीन महिने तोच एक डाव!

मागच्या आठवड्यात कसलंसं अपडेट झालं आणि बुद्धिबळ उघडेचना. भाऊजींनी मला हाक मारली. मी मोबाईलवर होमस्टेची बुकिंगं घेते, म्हणजे मला सगळं येतं, असा त्यांचा समज. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती: अमुक नावाची, पाच नंबरची लायब्ररी सापडत नाही. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"अहो वहिनी, ही गावकीची भांडी," भाऊजी म्हणाले. "प्रत्येक प्रोग्राम आपलं तपेलं कशाला बाळगेल? सामाईक खोलीतून घेतो. ह्या बुद्धिबळाला पाच नंबरचं हवं. अपडेटनं सहाचं आणलं आणि पाचचं टाकून दिलं."

"मग सहाचं वापरा की!"

भाऊजींना ते पटलं. गावकीचं तपेलं झिजलं की नवं आणतात आणि त्यावर देणाऱ्याचं जुनंच नाव कोरतात. त्यांनी तेच केलं, सहाला पाचचं नाव दिलं. बुद्धिबळ उघडलं, पट दिसला न दिसला तोच बंद! आता एका ओळीच्या जागी सात ओळी.

दुसऱ्या दिवशी स्वारी एसटीनं म्हसळ्याला. तिथल्या कॉम्प्युटर क्लासमधून पेनड्राइव्हवर पाच नंबरची फाइल आणली. तर म्हणे ती बत्तीस बिटवाली, आपला कॉम्प्युटर चौसष्ट बिटवाला. "मापं घेऊन नाही का जायचं?" मी म्हटलं. माझंच डोकं गरगरायला लागलं होतं.

इकडे पाच वाजता फोन वाजायचा आणि भाऊजी उचलायचेच नाहीत. मला राग आला. "भाऊ आहे ना तुमचा? डाव नसला तर दोन शब्द बोला की! नाहीतर नवा डाव मांडा."

"नवा नको. हाच हवा," एवढंच म्हणाले. हट्टी माणूस!

पाचव्या दिवशी त्यांनी आज्ञा देऊन यादी काढली, कोणाला काय काय लागतं त्याची. हजेरी घेतल्यासारखी एकेक ओळ वाचली. गैरहजर एकच, तीच पाच नंबरची. तिचं बरोबर मापाचं जुनं पॅकेज इंटरनेटवर शोधून उतरवलं, जागेवर बसवलं, आणि आणखी एक आज्ञा दिली. "भांडं आलंय हे यंत्रालाही सांगावं लागतं, वहिनी." पट उघडला. मोहरी जिथल्या तिथे. मी टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजींनी स्पीकरवर घेतला.

"कोण बोलतंय?" अण्णांचा आवाज.

"दत्ता."

"कोण दत्ता?"

मी गोंधळून भाऊजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात.

"भाऊ म्हणून गेलं वर्षभर ओळखत नाही तो, ह्या डावातला गडी म्हणूनच ओळखतो," हळूच म्हणाले, आणि फोनवर वाकले. "मी काळ्या मोहऱ्यांवाला."

"अरे, तू होय!" पलीकडे अण्णा केवढ्यानं हसले. "होतास कुठे इतके दिवस? वाट बघत होतो रे तुझी!"

ह्या माणसाला मी बोल लावले होते.

"आलो ना, अण्णा," भाऊजी म्हणाले. "बोल, काय हलवू?"